भोसल्यांची बाग आणि टॉलस्टॉयची बाग

झरी जामणीकडील गृहस्थ मुलाबाळांसह नागपुरास गेला, कीं महाराजबाग पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. लहानपणीं आम्हींही ती अशीच पाहिली. आणि टिपेश्वरच्या जंगलाच्या मुलखांत राहणाऱ्या आम्हांस वाघाचें पहिलें दर्शन घडलें तें तेथील पिंजऱ्यांत! ही बाग मूळची नागपूरकर भोसल्यांची, हें मात्र पुढें पुष्कळ वर्षांनीं पुस्तकांतून कळलें. वडिलांनीं तें सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

सरदारी उद्यान ग्रंथासारखें वाचावें लागतें, असें आमचें मत आहे. रशियांत तूला शहराजवळ यास्नाया पोल्याना ही टॉलस्टॉयची जहागीर आहे. ती आम्हीं पुस्तकांतूनच पाहिली, हें प्रथमच सांगितलेलें बरें. १८५४ हें साल या दोन्ही घराण्यांस भोंवलें. त्या वर्षीं औरस वारस नाहीं या सबबीवर डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. त्याच वर्षीं टॉलस्टॉयचें जन्मघर विकलें गेलें. घेणाऱ्यानें तें मोडून दुसऱ्या गांवीं नेलें, आणि आलेला पैसा टॉलस्टॉयनें पत्त्यांच्या जुगारांत घालविला. आज त्या जागीं झाडें आहेत आणि एक दगड. पाहुण्यास तेथें उभें करून सांगतात, कीं येथें घर होतें. नसलेलें घरही तेथें दाखविण्याजोगें झालें आहे! पुढें ओढ्याच्या कांठीं, जेथें मनुष्यमात्रास सुखी करण्याचें रहस्य कोरलेली हिरवी काठी पुरली आहे असें त्याचा थोरला भाऊ लहानपणीं सांगे, तेथें १९१० मध्यें त्यास पुरलें. क्रूस नाहीं, शिळा नाहीं. केवळ गवताचा उंचवटा.

महाराजबागेंत १८९४ मध्यें प्राणिसंग्रहालय झालें, आणि राजाची बाग सर्वांची झाली. याबद्दल आम्हांस यत्किंचितही खेद नाहीं. जेथें एके काळीं हुजुरांची परवानगी लागत असेल, तेथें आज शेतकऱ्याचीं पोरें शिदोरी सोडतात. यास्नाया पोल्यानांतील भूदासांस १८६१ पर्यंत तेवढीही मोकळीक नव्हती. आमची तक्रार आहे ती आम्हां लिहिणाऱ्यांविषयीं. टॉलस्टॉयच्या बागेस तिचा लेखक लाभला. भोसल्यांची बाग हातची गेल्याचें दुःख, किंवा ती सर्वांची झाल्याचा आनंद, यांपैकीं कांहीं सांगणारें मराठी पुस्तक आमच्या तरी वाचनांत नाहीं. प्रवासवर्णनें फुलांचे ताटवे मोजून पुढें जातात.

गेल्या हिवाळ्यांत नात्यांतील मुलें घेऊन आम्ही पुन्हां गेलों. तीं पिंजऱ्यांकडे धांवलीं. आम्ही भोसल्यांविषयीं सांगूं लागलों, तों एकानें विचारलें, "मग राजा कुठें गेला?" उत्तरास १८५४ पासून आरंभ करावा लागला, आणि तें पुरें होण्यापूर्वींच फाटक बंद होण्याची वेळ झाली.