विनोदातील 'मी' आणि पूर्वग्रह : 'चिमणराव' व 'श्रीयुत गंगाधर टिपरे'

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांची चर्चा आपल्याकडे बहुधा अभिनेत्यांच्या आठवणींपुरती मर्यादित राहते. समाजमनातील पूर्वग्रहांशी या मालिकांनी कसा सामना केला, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात मुंबई दूरदर्शनवरील 'चिमणराव' (१९७७ ते १९७९) आणि अल्फा मराठी वाहिनीवरील 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१ ते २००५) या दोन मालिकांचा त्या अंगाने विचार करावयाचा आहे. दोहोंत मध्यवर्ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांची आहे. परंतु तुलनेचे खरे कारण निराळे आहे. दोन्ही मालिकांचे मूळ प्रथमपुरुषी लेखनात आहे.

बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांनी चिमणरावांना स्वतःची हकीकत स्वतःच सांगावयास लावले. चिमणराव पुणेरी, पांढरपेशे, भित्रे आणि प्रतिष्ठेला जपणारे. बहीण चिंगी हिच्यासाठी स्थळे शोधताना हुंडा, पत्रिका, रूप, घराणे यांविषयीच्या त्या समाजाच्या सर्व समजुती ते जणू निसर्गनियम असल्याप्रमाणे नोंदवीत जातात. आपण काही हास्यास्पद बोलत आहोत, याची त्यांना कल्पना नसते आणि लेखक मध्ये पडून ती करूनही देत नाही. चिमणरावांना जे दिसत नाही ते वाचकाला दिसते. जोशींच्या विनोदाचे सारे सामर्थ्य या अंतरात आहे. उपदेश न करता पूर्वग्रह उघडा पाडण्याची इतकी सभ्य रीत मराठी गद्यात त्यापूर्वी फारशी आढळत नाही.

पडद्यावर हे अंतर टिकविणे कठीण जाते. १९४० मध्ये मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांना चिमणराव व गुंड्याभाऊ म्हणून उभे केले, तेव्हाही ही अडचण होतीच. कॅमेरा चिमणरावांच्या डोळ्यांनी पाहत नाही. तो त्यांच्याकडे बाहेरून पाहतो. प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या जोडीने मालिकेला जे प्रेम मिळवून दिले ते निर्विवाद आहे. तथापि या प्रेमाची किंमत मोजावी लागली. पुस्तकातील चिमणरावांच्या समजुतींना आपण हसतो. पडद्यावरील चिमणरावांच्या फजितीला हसतो. फजिती झालेल्या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो आणि त्या जिव्हाळ्यात त्याच्या समजुतीही क्षम्य ठरतात.

या प्रक्रियेची सर्वांत गंभीर चिकित्सा अमेरिकेत झाली. नॉर्मन लिअर यांच्या 'ऑल इन द फॅमिली' (१९७१ ते १९७९) या मालिकेचा आराखडा 'टिल डेथ अस डू पार्ट' या ब्रिटिश मालिकेवरून घेतला होता. तिचा नायक आर्ची बंकर हा कृष्णवर्णीय, ज्यू, स्त्रिया या सर्वांविषयी उघड अनुदार बोलतो, आणि प्रत्येक वादात त्याचा मूर्खपणा सिद्ध व्हावा अशी रचना केलेली असते. परंतु १९७४ मध्ये नील विडमार व मिल्टन रोकिच यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. मालिका दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना आवडत होती. मात्र ज्यांचे पूर्वग्रह तीव्र होते त्यांना आर्ची बंकरच पटत होता. लेखकाचा हेतू शुद्ध असला तरी हसू कोणाच्या बाजूने उमटेल, हे त्याच्या हाती राहिले नाही.

'टिपरे'चे महत्त्व येथे जाणवते. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत आबा रोजनिशी लिहितात. घरात जे घडले त्यावर त्यांचा शब्द उमटतो. म्हणजे गमावलेला 'मी' येथे परत मिळतो. येथे पूर्वग्रह आबांचा नसून आबांविषयीचा आहे : म्हातारा म्हणजे अडगळ, त्याला नवे काही कळत नाही, त्याने देवदेव करावे. ज्याच्याविषयी समजूत आहे त्याच्याच हाती लेखणी असल्याने मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या व शलाका यांच्याकडे, आणि स्वतःकडेही, आबा सारख्याच खोडकरपणे पाहू शकतात. आर्ची बंकरच्या बाबतीत जी पळवाट प्रेक्षकाला मिळाली ती येथे फारशी उरत नाही. म्हाताऱ्याला हसू पाहणाऱ्या प्रेक्षकाची नोंद त्या म्हाताऱ्याने आधीच करून ठेवलेली असते.

एवढे मान्य करूनही एक उणीव नोंदविणे भाग आहे. आर्ची बंकरच्या शेजारी कृष्णवर्णीय जेफरसन कुटुंब राहावयास येते आणि वाद उंबरठ्यावर येऊन ठाकतो. चिमणराव आणि टिपरे यांच्या घरात पूर्वग्रह येतो तो वय, लग्न, नोकरी यांच्या वाटेने; जात बहुधा दाराबाहेरच थांबते. स्वतःला हसण्याची परंपरा आपण उत्तम जोपासली, परंतु ते 'स्व' एकाच आळीचे राहिले.

खानदेशातील प्रेक्षकाला ही उणीव भाषेच्या रूपाने अधिक बोचते. १९७७ मध्ये मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण बोदवडसारख्या गावापर्यंत पोहोचतच नव्हते. येथे चिमणराव ग्रंथालयातून आले. दूरचित्रवाणी घरोघर आली तेव्हा तिच्यातील विनोदी कुटुंबे प्रमाण मराठी बोलत होती आणि बोली वाट्याला आली ती गडी, मोलकरीण, हवालदार यांच्या. ज्या लेवा बोलीत बहिणाबाईंनी (१८८०-१९५१) रचना केल्या आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाल्यावर जिचा साऱ्या महाराष्ट्राने गौरव केला, ती कवितेत पूज्य आणि मालिकेत हास्यास्पद, असा विचित्र न्याय झाला. वर्गात उत्तर देण्यास उभा राहिलेला बोदवड परिसरातील विद्यार्थी घरचा शब्द ओठांवर येताच अडखळतो. या अडखळण्यात दूरचित्रवाणीचा वाटा नाही, असे म्हणवत नाही. बोली बोलणारे पात्र विनोदी असण्यास हरकत नाही. चिमणरावही विनोदीच आहेत. परंतु चिमणरावांना स्वतःची हकीकत सांगता आली आणि आबांना रोजनिशी लिहिता आली. अहिराणी वा तावडी बोलणाऱ्या गड्याने रात्री आपल्या मालकांविषयी काय लिहिले असते, ते मराठी मालिकेने अद्याप फारसे ऐकविलेले नाही.