शापूर भेदवार : छायाचित्रातील मांडणी आणि सत्य

चित्रवादी छायालेखनाचा विषय वर्गात निघाला की एक आक्षेप ठरलेला असतो : ही मंडळी छायाचित्राकडून चित्राचे काम करून घेतात, म्हणजे असत्य बोलतात. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या आपल्या परिसरात छायाचित्र म्हणजे यंत्राची, कामगाराची वा कोनशिलेची नोंद; तेव्हा हा आक्षेप स्वाभाविकच होय. परंतु शापूर भेदवार (१८५८–१९१५) यांच्या कृतींना तो लावून पाहावा, म्हणजे त्याची मर्यादा ध्यानी येते.

मुंबईच्या पारशी समाजातील भेदवारांनी लंडनमध्ये शिक्षण घेतले आणि १८९२ साली तेथे स्थापन झालेल्या ‘लिंक्ड रिंग’ या मंडळाचे ते सदस्य झाले. मंडळाच्या संस्थापकांपैकी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ साली ‘फेडिंग अवे’ हे चित्र पाच निगेटिव्हांच्या जोडणीतून सिद्ध केले होते. पात्रे, वेष, प्रकाश आणि कथानक योजून चित्र ‘रचावयाचे’, ही परंपरा भेदवारांकडे आली. तिचे फळ सर्वत्र सारखे नाही. ‘द फीस्ट ऑफ रोझेस’ ही मालिका कौशल्याची आहे, यात संशय नाही. पण तीतील सौंदर्य मला उसने वाटते. पात्रे जणू एखाद्या युरोपीय चित्रकाराची वाट पाहत बसली आहेत.

‘नावर’ ही मालिका मात्र वेगळी. पारशी पौरोहित्याच्या दीक्षेचा हा विधी. येथेही सारे मांडलेलेच आहे. परंतु विधी हीच मुळात एक मांडणी असते. कोणी कोठे बसावे, हात कसे धरावे, हे परंपरेने आधीच ठरविलेले. छायालेखकाने त्यावर आपले नाटक लादलेले नाही. शिवाय प्लॅटिनम मुद्रणात धातू कागदाच्या तंतूंतच मुरतो, वर जिलेटिनचा चकाकणारा थर नसतो. त्यामुळे करड्या छटांची लांब श्रेणी मिळते आणि दीक्षेचा शुभ्र वेष नुसता पांढरा डाग होत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील फोरमन हॅना आठवतात. ॲरिझोनातील ग्लोब येथे औषधविक्री हा त्यांचा चरितार्थ, वाळवंटाचे छायालेखन ही हौस. (‘हौशी’ या शब्दाला आपल्याकडे कच्चेपणाचा वास येतो, तो येथे विसरावा.) वाळवंटाला वेष चढविता येत नाही, प्रहर निवडावा, उभे राहण्याची जागा निवडावी, मुद्रणात रेषा मृदू करावी, एवढेच हाती. तरीही ते चित्रवादीच. तेव्हा मांडणी हा दोष धरून हा संप्रदाय निकालात काढता येत नाही. ‘फीस्ट ऑफ रोझेस’चे उणे मांडणीत नाही, तिच्या परकेपणात आहे.

विद्यार्थ्यांनी ‘नावर’मधील ‘इन्व्होकेशन’ हे चित्र दिल्लीच्या अल्काझी संग्रहातील मूळ मुद्रणात पाहण्याची संधी साधावी. गुळगुळीत कागदावरील प्रतिकृतीत नेमका तो शुभ्र वेषच मरतो.