मत दिले, कान दिला का?

भिवापूरची मिरची बाजारात गावाचे नाव घेऊनच उतरते. गाणाऱ्या गळ्याला एवढे भाग्य लाभतेच असे नाही. आमच्या विदर्भातल्याच हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी दूरचित्रवाणीवरची ‘सा रे ग म प’ स्पर्धा आधी मराठीत जिंकली आणि २००९ साली हिंदीतही. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु स्पर्धेत गायचे ते बहुधा दुसऱ्यांचे गाजलेले गाणे. तेथे कस लागतो तो गळ्याच्या तयारीचा. स्वतःच्या गाण्याची ओळख पुढे मिळवावी लागते.

२०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’मधून त्यांचा आवाज श्रेया घोषाल यांच्या जोडीने घरोघर पोचला. २०१९ साली ‘कलंक’मधल्या ‘घर मोरे परदेसिया’तही हीच जोडी. दोन्ही गाणी मुलाबाळांना पाठ. पण त्यांतला दुसरा आवाज कोणाचा, हे किती घरांत सांगता येईल? हा दोष गळ्याचा नव्हे, आम्हा श्रोत्यांचा आहे. मत देताना नाव घोकले, गाणे ऐकताना मात्र विसरलो.

यंदा फराळाच्या वेळी ‘पिंगा’ लागला, तर रसिकहो, दोन्ही गळे वेगवेगळे ओळखून पाहा. आपण दिलेले मत तेव्हाच खरे पोचेल.