स्वस्त प्रिंटरची महाग पाने

लातूरजवळच्या एका शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी मध्यंतरी आम्हाला घटक चाचणीची एक प्रश्नपत्रिका दाखवली. तिसऱ्या प्रश्नातील समीकरणात एक वजा चिन्ह होते. निदान संगणकावर टाईप केले तेव्हा तरी होते. कागदावर मात्र तिथे कोरी जागा. निम्म्या वर्गाने समोर दिसले ते समीकरण नीट सोडवले आणि गुण गमावले. चूक मुलांची नव्हती. ती शाळेने मोठ्या हौसेने आणलेल्या स्वस्त इंकजेट प्रिंटरची होती.

असे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर पारख कशी करावी, हा प्रश्न नांदेड-लातूरकडचे शिक्षक आम्हाला वारंवार विचारतात. सराव परीक्षांवर उभ्या असलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात छापील कागद ही चैन नव्हे, रोजची गरज आहे. म्हणून या यंत्राची थोडी कठोर चिकित्सा करू.

प्रथम वजा चिन्ह गेले कुठे ते पाहू. इंकजेटच्या छपाईशीर्षात, म्हणजे हेडमध्ये, केसाहून बारीक छिद्रे असतात. हेड कागदावर आडवे फिरते आणि छिद्रांतून शाईचे थेंब सुटतात. काही कंपन्यांच्या यंत्रांत सूक्ष्म तापक शाई क्षणभर तापवतो आणि वाफेचा बुडबुडा थेंबाला बाहेर लोटतो. एप्सनसारख्यांच्या यंत्रांत विजेचा दाब मिळताच आकार बदलणारा स्फटिक हेच काम करतो. थेंब असतो काही पिकोलिटरचा. पाच पिकोलिटरचा धरला, तर एक मिलिलिटर शाईत वीस कोटी थेंब होतात!

ही छिद्रे कागद सरकण्याच्या दिशेने एकाखाली एक असतात. त्यामुळे शाई वाळून शेजारशेजारची चारसहा छिद्रे बुजली, की पानावर आडवी पांढरी रेघ उमटते. रोमन लिपीत उभ्या रेघा पुष्कळ. तिथे अक्षर ओळखू तरी येते. पण देवनागरीची शिरोरेखाच आडवी! वजा, बरोबर आणि अपूर्णांकाची रेघ हीसुद्धा आडवीच. त्यात शाई वाचवण्यासाठी ‘ड्राफ्ट’ पद्धतीने छापले, तर हेड एका जागेवरून सहसा एकदाच जाते आणि राहिलेली फट दुसऱ्या फेरीत भरून निघत नाही. त्या प्रश्नपत्रिकेत नेमके हेच झाले होते.

तेव्हा दुकानात दाखवलेल्या रंगीत फुलाच्या चित्रावर भाळू नये. घरून एक पान तयार करून न्यावे. त्यात बारीक टंकात क्ष, ज्ञ, द्ध, ह्य, रफार, अनुस्वार, अपूर्णांक आणि वजा चिन्हे असावीत. शाळेत वापरतो तोच साधा कागद सोबत न्यावा. दुकानातला गुळगुळीत कागद शाई पसरू देत नाही आणि यंत्राचे दोष झाकतो. जोडाक्षरांच्या पोटातील मोकळी जागा भरून गेली, तर ते छापील पान फळ्याजवळच्या मंद उजेडात वाचता येणार नाही. मग छापलेल्या ओळीवर पाण्याचा एक थेंब टाकावा. विरघळणाऱ्या रंगाची शाई पसरते. रंगकणांची, म्हणजे पिगमेंट शाई बरीचशी टिकते. ज्या यंत्रावर बोनाफाईड दाखले छापायचे, त्याला ही परीक्षा द्यायलाच लावावी.

आता खर्च. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण या यंत्राला तंतोतंत लागू पडते. समजा, प्रिंटर साडेतीन हजारांना मिळाला, कार्ट्रिज ९०० रुपयांचे आहे आणि त्यातून १८० पाने निघतात. म्हणजे पानामागे पाच रुपये, कागद वेगळा. उलट शाईच्या टाकीचे यंत्र ११,००० रुपयांचे आणि ४५० रुपयांच्या बाटलीत ४,५०० पाने धरली, तर पानाला दहा पैसे. किमतीतील साडेसात हजारांचा फरक सुमारे १,५३० पानांत भरून निघतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या दुकानातील भाव घालून हेच गणित करावे. एप्सनने अशी टाकीची यंत्रे २०१० साली प्रथम इंडोनेशियात आणली. नंतर ती आपल्याकडेही आली आणि इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

खोक्यावरील पानांच्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे. त्यासाठी आयएसओ २४७११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते प्रामाणिक आहे. पण त्यात ठरावीक पाने सलग छापतात, तीही तेवीस अंशांच्या आसपासच्या तापमानात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि शाळा आज दोन पाने छापते तर पुढची आठ दिवसांनी. दरम्यान शाई वाळते. ती काढण्यासाठी यंत्र स्वतःची साफसफाई करते आणि त्यात विकतची शाई तळाच्या स्पंजात जाते. छापता छापता वीज गेली तर आणखी पंचाईत! यंत्र स्वतःच्या बटणाने बंद केले, की हेड टोपणाखाली जाऊन बसते. वीज अचानक गेली तर ते उघडेच राहते.

या अदृश्य खर्चाचे मोजमाप अवघड नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प जरूर करावा. सुटे कार्ट्रिज प्रयोगशाळेतील मिलिग्रॅमच्या तराजूवर तोलावे, वीस पाने छापावीत आणि पुन्हा तोलावे. मग दहा दिवस यंत्र रोज एकदा नुसते चालू-बंद करावे आणि पुन्हा तोलावे. पहिला फरक पानांवर गेलेल्या शाईचा, दुसरा वाया गेलेल्या शाईचा. शाई मुख्यतः पाणीच असल्याने एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर समजावा.

आमचा निष्कर्ष असा. वर्षाला शेदोनशे पाने छापणाऱ्या शाळेने इंकजेटच्या नादी लागू नये. यंत्र रिकामे बसून शाई पिईल. रोज दहाएक पाने छापणाऱ्या शाळेला टाकीचे यंत्र परवडते, मात्र आठवड्यातून एकदा तरी त्यावर पान काढावे. काम फक्त काळ्या अक्षरांचे आणि अधूनमधूनचे असेल, तर लेझर प्रिंटर बरा. त्याची कोरडी पूड वाळत नाही. साठ मुलांच्या प्रश्नपत्रिका इंकजेटवर काढण्यापेक्षा एक स्वच्छ मूळ प्रत काढून तिच्या झेरॉक्स घ्याव्यात. आणि केवळ कमी किमतीचे, लहान कार्ट्रिजचे यंत्र? ते शाळेसाठी आम्ही सुचवणार नाही.

यंत्र कोणतेही असो, परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘नोझल चेक’चे पान काढावे आणि मूळ प्रत एकदा विद्यार्थ्याच्या नजरेने वाचावी. छपाईत हरवलेल्या चिन्हाचे गुण मुलांनी का गमवावेत?