‘प्रतिक्रिया’ कशाविरुद्ध? : एका आक्षेपाची चिकित्सा

निर्वातात रेटा देण्यास आधार नाही, म्हणून तेथे अग्निबाण चालणार नाही, असा आक्षेप ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० च्या संपादकीय स्फुटात रॉबर्ट गॉडर्ड यांच्यावर घेतला. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्या पत्राने ही चूक दुरुस्त केली. परंतु चूक दुरुस्त करणे व तिचे मूळ शोधणे या भिन्न गोष्टी होत.

ते मूळ बऱ्याच अंशी भाषेत आहे. इंग्रजीतील ‘रिॲक्ट’ या क्रियापदासोबत ‘अगेन्स्ट’ आले की वाक्य बाह्य आधाराची अपेक्षा करते. स्फुटकर्त्याने तो हवेत शोधला. वस्तुतः अग्निबाण वायूला मागे रेटतो व वायू अग्निबाणाला पुढे. तिसऱ्या पदार्थाची गरजच नाही. उलट बाहेरील हवेचा दाब विरोधच करतो. स्पेस शटलच्या मुख्य एंजिनाचा विशिष्ट आवेग समुद्रसपाटीस सुमारे ३६६ सेकंद, तर निर्वातात ४५२ सेकंद होता.

मराठी ‘प्रतिक्रिया’ही निर्दोष नाही. व्यवहारात ती क्रियेनंतर येते. न्यूटनच्या नियमातील जोडी मात्र एककालिक असते.

संशय घेणे हा स्फुटकर्त्याचा दोष नव्हे. गॉडर्ड यांचे निर्वातातील प्रयोग त्यांच्या स्मिथसोनियन संस्थेने छापलेल्या प्रबंधातच होते. ते विचारात न घेता केवळ शब्दावरून निर्णय देणे, हा दोष होय. म्हणूनच पाठ्यपुस्तकांत हा नियम मांडताना कोणी कोणास रेटले, हे दोन्ही वाक्यांत कर्त्याकर्मासह लिहिणे इष्ट.