हेडविगचे डोळे

मराठी रसिकाला इब्सेन म्हटला की प्रथम 'डॉल्स हाउस' आठवते, त्यानंतर फार तर 'घोस्ट्स'. १८८४ साली प्रसिद्ध झालेले 'वाइल्ड डक' त्यामानाने मागे पडते. ज्यांनी ते वाचले आहे तेही बहुधा माळ्यावरच्या त्या जखमी रानबदकापाशी थांबतात आणि 'जीवनासाठी आवश्यक असत्य' हा डॉक्टर रेलिंगचा सिद्धान्त उचलून पुढे जातात. आम्हाला मात्र हे नाटक पुन्हा वाचताना चौदा वर्षांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या हेडविगच्या डोळ्यांनी अडवले. या मुलीची दृष्टी जाणार आहे. घरातल्या सर्वांना ते ठाऊक आहे, तिला तेवढे नाही.

कथानक थोडक्यात असे. याल्मार एकडाल हा छायाचित्रकार. त्याची बायको गिना पूर्वी होकोन वेर्ले या धनिक व्यापाऱ्याच्या घरी कामाला होती. वेर्लेचा मुलगा ग्रेगर्स हा सत्याचा कैवारी. मित्राचा संसार सत्याच्या पायावर उभारण्याचा विडा उचलून तो या घरात शिरतो. दुसऱ्या अंकात याल्मार मुलीच्या डोळ्यांविषयी त्याला सांगतो आणि हे बहुधा आनुवंशिक असावे असे म्हणतो. 'आनुवंशिक' या शब्दाला ग्रेगर्स दचकतो. तोच गिना मध्ये बोलते की, याल्मारच्या आईचे डोळेही अधू होते. याल्मारला आई आठवत नाही; वडील सांगतात म्हणून ते खरे. पहिल्या अंकात वेर्लेच्या अधू डोळ्यांची सूचना येऊन गेलेली असते. चौथ्या अंकात श्रीमती सोर्बी सांगून टाकतात की वेर्ले आंधळा होत चालला आहे. पाठोपाठ वेर्लेचे दानपत्र येते: म्हाताऱ्या एकडालला दरमहा शंभर क्रोनर आणि त्याच्यामागे तीच रक्कम हेडविगला तहहयात. याल्मार दोन अधिक दोन करतो आणि मुलीला दूर लोटतो.

बहुतेक टीकाकार येथे याल्मारबरोबरच बेरीज करून मोकळे होतात. वेर्ले आंधळा, हेडविग आंधळी होणार, म्हणून हेडविग वेर्लेची. आम्हाला ही बेरीज मान्य नाही. इब्सेनने ती पात्रांकडून करवून घेतली आहे, स्वतः केलेली नाही.

नाटकातलाच पुरावा पाहा. ग्रेगर्स हा वेर्लेचा औरस पुत्र. त्याच्या डोळ्यांना काही झाल्याचे नाटकात कोठेही नाही. वेर्लेची दृष्टी जाते ती उतारवयात; हेडविगची बालवयात. ज्या आजीकडे गिना बोट दाखवते तिला कोणी तपासलेले नाही, आणि गिना खरे बोलते की सावरून घेते हेही आपल्याला कळत नाही. आज या विषयाची जी माहिती सामान्य वाचकालाही मिळते तिच्या उजेडात तर ही बेरीज अधिकच डळमळीत होते. डोळ्यांचे आनुवंशिक विकार एका वाटेने चालत नाहीत. काहींत आईबाप दोघेही डोळस, पण दोघांकडेही एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक. काहींत एका बाधित पालकाकडून ती दोनात एक. काही विकार आईकडून मुलग्यांत उतरतात. त्यात बाधित बापाकडून मुलाला काहीच जात नाही, मुली मात्र वाहक होतात. लेबर या नेत्रतज्ज्ञाने १८७१ मध्ये वर्णन केलेला दृष्टिमज्जेचा विकार तर केवळ आईच्या बाजूने येतो. रातांधळेपणाने सुरू होणारा 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा' एका घराण्यात एका वाटेने येतो, दुसऱ्यात दुसऱ्या. हेडविगचा विकार कोणता, हे इब्सेन सांगत नाही. मेंडेलचा निबंध १८६६ सालीच छापला गेला होता, पण त्याचे महत्त्व जगाला उमगले १९०० मध्ये. म्हणजे नाटककाराच्या हाती कोष्टक नव्हतेच. असते तरी त्याने ते वापरले असते असे आम्हाला वाटत नाही. त्याला हवा होता संशय.

येथे हा प्रश्न वाङ्मयापुरता उरत नाही. ज्या घरात एखादा चुलता, मामा किंवा आजी दृष्टिहीन आहे त्या घरातले नवविवाहित जोडपे मुलाचा विचार करू लागते तेव्हा त्यांच्याभोवती ग्रेगर्स आणि याल्मार दोघेही जमतात. 'कोणाकडून आले?' हा प्रश्न 'आता काय करावे?' याच्या आधी विचारला जातो. शासकीय सेवेत असताना अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांची प्रकरणे आमच्या टेबलावरून जात. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असे, 'जन्मतः'. त्या एका शब्दामागे किती घरांत आईला बोल लागला असेल याचा हिशेब कोणत्याही फाइलीत नाही.

बोल आईला लावण्याची ही रीत जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात अंबिका व्यासांचे रूप पाहून डोळे मिटते, आणि पुत्र आंधळा होणार तो मातेच्या दोषामुळे, असे खुद्द व्यासच सत्यवतीला सांगतात. सत्यवतीची काळजी राज्याची. आंधळा राजा कसा होणार म्हणून ती दुसरा पुत्र मागते. अंबिकेला काय वाटले हे विचारायला कोणी थांबत नाही. पुढे गांधारीचे स्थळ ठरते तेव्हा तिचा पिता सुबल वराला डोळे नाहीत म्हणून क्षणभर विचारात पडतो, परंतु कुळ, कीर्ती आणि आचार पाहून होकार देतो. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये गांधारीची वेदना स्वतंत्र प्रकरणात मांडली आहेच. आमचे लक्ष वेधते ते निराळेच. होणारी मुले आंधळी निपजतील काय, ही शंका या विवाहाच्या वेळी कोणीही काढत नाही. आणि शंभर पुत्र व एक कन्या, सारी डोळस जन्मतात. महाभारतकाराला आनुवंशिकतेशी कर्तव्य नव्हते हे मान्य. तरीही अंधत्व पिढीजात असलेच पाहिजे या समजुतीला आपल्याच महाकाव्यात छेद मिळतो, याची नोंद घ्यायला हरकत नसावी.

एच. जी. वेल्सच्या 'द कंट्री ऑफ द ब्लाइंड' (१९०४) या कथेत हाच प्रश्न उलटा केला आहे. अँडीजच्या दुर्गम खोऱ्यात एका रोगाने जन्मणारी मुले आंधळी होऊ लागतात. उपाय शोधायला बाहेर पडलेल्या माणसाला वाटते की खोऱ्यात देवस्थान नाही म्हणून हा कोप झाला. पिढ्यानुपिढ्या गेल्यावर तेथे पोचलेला डोळस नुन्येझ जेव्हा तिथल्या मुलीशी लग्न करू पाहतो, तेव्हा तरुण मंडळी आपला वंश बिघडेल म्हणून खवळतात. वंशशुद्धीची भाषा डोळसांइतकीच आंधळ्यांच्याही तोंडी शोभते, असा हा चिमटा आहे. कथा चतुर आहे. पण तीत आईबापांची घालमेल नाही. मुलीचा बाप तेवढा थोडा विरघळतो.

आपल्या रंगभूमीकडे वळावे तर 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये आणलेले वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' नावापुरते आंधळ्यांचे. तेही मूळ नॉर्वेचेच, ब्यर्न्सनच्या नाटकावर बेतलेले. आंधळेपणा म्हणजे अज्ञान, मोह, न्यायहीनता. साहित्याने हे रूपक इतके घासले आहे की खऱ्या डोळ्यांची गोष्ट आली तरी आपण तिचा अर्थ शोधू लागतो. हेडविगच्या बाबतीत हेच झाले. तिचे अंधत्व म्हणजे एकडाल घराण्याचे सत्याकडे पाठ फिरवणे, असे लिहून समीक्षक सुटतात.

नाटककार मात्र बारीकसारीक गोष्टींत मुलीचे डोळे डोळेच राहू देतो. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ती हाताची आडोशी धरून वाचत बसलेली असते आणि आई तिला थांबवते. मेजवानीहून काहीतरी चांगले आणण्याचे वचन विसरलेला बाप तिच्या हाती पदार्थांची छापील यादी ठेवतो: हे वाच, चव मी सांगतो. जिच्या डोळ्यांना ताण द्यायचा नाही तिला खाऊऐवजी वाचायला कागद! तिसऱ्या अंकात छायाचित्रे सुधारण्याचे स्वतःचे काम तो तिच्यावर सोपवतो, डोळे बिघडवू नकोस असे बजावतो आणि माळ्यावर निघून जातो. वंशाने काय दिले हे कळणार नाही कदाचित. बापाने काय केले ते प्रेक्षकासमोर घडते.

आजच्या आईबापांपाशी याल्मारपेक्षा पुष्कळ साधने आहेत. आमच्या हैदराबादेतच १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी आहे. रक्ताच्या चाचणीने अनेकदा, सर्वदा नव्हे, सदोष जनुक सापडतो. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये एका जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तो 'आरपीई६५' या एकाच जनुकाच्या दोषावर चालतो, म्हणून चाचणीत नेमके नाव कळणे महत्त्वाचे. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगण्याची आणि शेजारच्या तेलुगू घरांत मामा-भाचीच्या विवाहाची चाल आहे. नात्यातल्या अशा विवाहात दोघांकडेही तोच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो, हेही लग्नाआधीच बोलण्यासारखे. पण अहवाल शक्यता सांगतो. चारात एक म्हणजे तीन डोळस झाल्यावर चौथे आंधळे, असा अर्थ घेणारे सुशिक्षित आम्ही पाहिले आहेत. प्रत्येक खेपेला फासा नव्याने पडतो. शक्यता हाती घेऊन दोन माणसे रात्री काय बोलतात, मूल होऊ द्यायचे की नाही हे कसे ठरवतात, आणि घरातला तो दृष्टिहीन चुलता शेजारच्या खोलीतून ते ऐकत असेल तर त्याला काय वाटते, यावर लिहिलेली मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही. आपल्यासारखे मूल जन्मू नये म्हणून घर सल्लामसलत करते आहे, हे ऐकणाऱ्याची बाजू तर कोणत्याच भाषेत आम्हाला भेटली नाही.

'वाइल्ड डक'चे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यांना एक सांगणे आहे. चौथ्या अंकात याल्मार विचारतो, हेडविग माझी की नाही. आणि गिना म्हणते, तिला माहीत नाही. हे उत्तर जसे आहे तसे कोरडे ठेवावे. त्यात हुंदका घालण्याचा मोह होईल, पश्चात्तापाचे एखादे वाक्य जोडावेसे वाटेल. पण गिना रडत नाही, सारवासारवही करत नाही. साऱ्या नाटकात आनुवंशिकतेविषयी आपल्याला ठाऊक आहे तेवढेच बोलणारी ती एकटी आहे.