खड्डा खणण्यापूर्वी

वनमहोत्सव आला की शाळाशाळांतून कुदळी-फावडी बाहेर निघतात. २०१६ च्या १ जुलैला राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली. विद्यार्थ्यांच्या श्रमांविषयी आम्हाला आदरच आहे. आमचा आक्षेप आहे तो जागेच्या निवडीवर.

सोलापूरकडच्या माळरानाला आपण सर्रास ‘पडीक’ म्हणतो. तिथे पाऊस कमी, माती उथळ. म्हणून कुसळी, मारवेल अशी गवते वाढतात. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. काळवीट दूरवर नजर ठेवून लांडग्याला चुकवतो. अशा माळावर गिरिपुष्पाची दाट लागवड केली, तर सावलीत गवत खुरटते. रोपे जगतात, पण माळावरचे प्राणी-पक्षी बेघर होतात.

मग मुलांनी काय करावे? पावसाळ्यात एक चौरस मीटरची चौकट टाकून गवताच्या जाती मोजाव्यात. माळावर मेंढ्या चारणाऱ्या वृद्धांना पूर्वीची स्थिती विचारावी. जिथे खरोखर जंगल होते, तिथे स्थानिक झाडे जरूर लावावीत. तीन वर्षांनी किती जगली, तेही मोजावे.

झाड कुठे लावू नये, हाही विज्ञानाचा धडा नाही का?